नवरा आतेभाऊ आहे, बाळाला एसएमएची शंका. नात्यातल्या लग्नामुळेच का?

ताई, तुम्ही लिहिलंय की सात महिन्यांचा मुलगा मान धरत नाही, डॉक्टरांना एसएमएची (स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी, स्नायू अशक्त करत नेणारा आनुवंशिक आजार) शंका आहे, आणि सासूबाई, म्हणजे तुमची सख्खी आत्या, ‘मीच भावाकडे मुलगी मागितली’ म्हणून रोज रडतायत. मी परळला जेनेटिक काउन्सेलर आहे.

आधी तपासणीचं बोलू, कारण वेळ थोडा आहे. मेलेले मोटर न्यूरॉन, म्हणजे स्नायूंना हलायला सांगणाऱ्या मज्जापेशी, परत येत नाहीत, आणि एसएमएवर आता औषधं आहेत. ती जितकी लवकर मिळतील तितका उपयोग जास्त. याच आठवड्यात एमएलपीए ही रक्ततपासणी करून घ्या. एसएमए ज्याच्या दोषाने होतो तो एसएमएन१ हा जीन १९९५ मध्ये सापडला. बहुतेक रुग्णांत त्याच्या दोन्ही प्रतींतला सातवा एक्झॉन, म्हणजे जीनचा एक तुकडा, गायब असतो. ‘सगळे जीन एकदमच बघू’ म्हणून थेट एक्झोम ही तपासणी करू नका. एसएमएन२ हा त्याचा जवळजवळ हुबेहूब जुळा असल्यामुळे साध्या एक्झोममधून हा दोष निसटू शकतो.

आता आत्यांचं. नात्यातलं लग्न असेल तर कुटुंबाच्या तक्त्यात नवरा-बायकोमध्ये आम्ही दोन रेघा ओढतो. दुसरी रेघ ओढली की समोरच्या आईची नजर तिथेच अडकते, हे मी नेहमी बघते. त्या रेघेचा अर्थ एवढाच की तुम्हा दोघांचे एक आजी-आजोबा सामाईक आहेत, म्हणून त्यांच्याकडचा एकच दोष दोन्ही बाजूंनी बाळात येऊ शकतो. पण एसएमएचा वाहक, म्हणजे एक प्रत सदोष असूनही स्वतः निरोगी असलेला माणूस, साधारण ४० ते ६० माणसांत एक असतो. नात्यागोत्याचा काही संबंध नसलेली कितीतरी जोडपी हाच रिपोर्ट घेऊन माझ्याकडे येतात.

एमएलपीए नॉर्मल आली, तर मात्र हे नातं डॉक्टरांना आवर्जून सांगा. मग दुर्मीळ आजारांची शक्यता वाढते आणि एक्झोम उपयोगी पडते. त्यातला एक आजार तर जीवनसत्त्व बी२ पेशींत नेणाऱ्या जीनमधल्या दोषाने होतो. अशक्तपणासोबत बाळाला ऐकू कमी येत असेल, तर बी२चा मोठा डोस रिपोर्टची वाट न बघता सुरू करतात. हे नक्की विचारा.

दोघं वाहक निघालात तर पुढच्या प्रत्येक खेपेला धोका २५ टक्के. दोष नेमका माहीत असेल तर अकराव्या आठवड्यानंतर वारेचा नमुना तपासता येतो, म्हणून दिवस जाण्याआधी रिपोर्ट हातात हवा.

काउन्सेलरकडे जाल तेव्हा आत्यांना सोबत न्या. घरात पूर्वी तान्ही असताना गेलेली बाळं त्यांनाच आठवतील.