दोन देशांच्या वाहतुकीतल्या कार्बन उत्सर्जनाची अनेक वर्षांची तुलना कशी करावी?

आधी दोन्ही आकड्यांची व्याख्या एकच आहे का ते बघा. बहुतेक तुलना इथेच फसतात. आयपीसीसीच्या (संयुक्त राष्ट्रांची हवामानबदलावरची आंतरसरकारी समिती) पद्धतीत वाहतूक म्हणजे '१ए३' हा गट. आंतरराष्ट्रीय विमानं-जहाजांचं इंधन त्यात धरत नाहीत, वेगळं नोंदवतात. विजेवरच्या गाड्यांचं उत्सर्जन वीजनिर्मितीच्या खात्यात जातं. म्हणजे रेल्वेचं विद्युतीकरण झालं की वाहतुकीचा आकडा घटतो, वीज कोळशाची असली तरी!

दुसरी मेख म्हणजे इंधन जिथे विकलं, त्या देशाच्या नावावर हिशेब लागतो. लक्झेंबर्गमध्ये ते स्वस्त, म्हणून शेजारच्या देशांतले ट्रक तिथे टाकी भरतात आणि तिथला दरडोई आकडा फुगतो.

मग एकूण टनांना त्या-त्या वर्षाच्या लोकसंख्येने भागा. १९९० = १०० धरून निर्देशांकही काढा, पण एकटा निर्देशांक कधीच दाखवू नका: मुळात कमी गाड्या असलेला देश त्यात नाहक दोषी दिसतो. २०२० हे शेवटचं वर्ष घेऊ नका, टाळेबंदीने तो आकडा पाडला आहे.

पडताळणीसाठी इंधनविक्री वापरा: पेट्रोलच्या लिटरमागे सुमारे २.३ किलो, डिझेलमागे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड.