पोर्ट हिरवा, तरी डेटाबेस स्लो का?

प्रश्न: नमस्कार सर, मी नाशिकच्या एका कारखान्यात आयटी बघतो. आमच्याकडे दोन ब्रोकेडचे फायबर चॅनेल (सर्व्हर आणि स्टोरेज जोडणारं नेटवर्क) स्विच, मागे ३२ जी (म्हणजे ३२ गिगाबिट वेगाचं) स्टोरेज, आणि मॉनिटरिंगला झॅबिक्स लावलंय, दर ५ मिनिटांनी रीडिंग. दुपारी बॅकअप चालू झाला की ईआरपीचा (कारखान्याचा कारभार सांभाळणारं सॉफ्टवेअर) डेटाबेस हमखास स्लो होतो पण ग्राफवर पोर्ट वापर २०-३० टक्क्यांच्या वर जातच नाही. स्टोरेजवाला म्हणतो सर्व्हर बघा, सर्व्हरवाला म्हणतो स्विच बघा. कुठलं सॉफ्टवेअर घ्यावं?

उत्तर: अहो, आधी काही विकत घेऊ नका. झॅबिक्स चांगलंच आहे, फक्त तुम्ही त्याला चुकीचा आकडा विचारताय. पोर्ट किती भरलाय हे दिसतं, पण तो थांबून किती राहिला हे त्यात कुठंच येत नाही.

फायबर चॅनेलमध्ये समोरच्याने जागा मोकळी झाल्याचं कळवल्याशिवाय पुढची फ्रेम (डेटाचा तुकडा) सोडता येत नाही, पूर्वी दूध केंद्रावर रिकामी बाटली दिल्याशिवाय भरलेली मिळायची नाही ना, तसंच. याला बफर क्रेडिट म्हणतात. आता बॅकअप सर्व्हरचं एचबीए कार्ड (सर्व्हरला फायबर चॅनेलला जोडणारं) जुनं ८ जी असेल आणि स्टोरेज ३२ जी ने डेटा ओततंय, तर त्या सर्व्हरकडून क्रेडिट परत यायला उशीर, फ्रेम स्विचमध्ये अडकतात, मग आयएसएलवर, म्हणजे दोन स्विच जोडणाऱ्या लिंकवर, तुंबतात आणि त्याच आयएसएलवरून जाणारा बिचारा ईआरपी त्यात अडकतो, त्याची काहीही चूक नसताना. त्यामुळं आयएसएलचा वापर कमी दिसतो, कारण त्याला पाठवताच येत नाहीये! याला स्लो ड्रेन म्हणतात, माझा पहिला संशय यावरच.

तपासायचं कसं? बॅकअपच्या आधी स्विचवर काउंटर शून्य करणारी स्टॅट्सक्लिअर कमांड मारा (जुने आकडे सेव्ह करून ठेवा, वर्षभराची बेरीज बघून काहीच कळत नाही), मग बॅकअप चालू असताना थोड्या थोड्या वेळाने काउंटर दाखवणारी पोर्टस्टॅट्सशो कमांड. त्यात टिम-टीएक्सक्रेड-झेड बघा, क्रेडिट शून्य असताना फ्रेम वाट बघत असेल तर हा काउंटर दर २.५ मायक्रोसेकंदाला एकाने वाढतो. थोडाफार सगळीकडे वाढतोच, घाबरू नका. बॅकअप सर्व्हरच्या पोर्टवर आणि आयएसएलवर एकाच वेळी धावत सुटला तर मात्र चोर सापडला. सिस्कोच्या एमडीएस स्विचवर हेच टीएक्सवेट नावाने मिळतं.

पोर्टएररशो कमांडमध्ये सीआरसी (बिघडलेल्या फ्रेमचा काउंटर) पण बघून घ्या. सीआरसी जी-ईओएफ (फ्रेम बिघडलेली, पण शेवटची खूण अजून चांगली) वाढत असेल तर त्याच लिंकची केबल किंवा एसएफपी (पोर्टमधलं केबल लावायचं मॉड्यूल) खराब, नुसता सीआरसी वाढत असेल तर फ्रेम आधीच कुठंतरी बिघडून आलीय, तिथली केबल उगाच बदलत बसू नका.

आणि झॅबिक्समध्ये ६४ बिट काउंटरच घ्या हं, ३२ बिटचा ऑक्टेट (बाइट मोजणारा) काउंटर १६ जी पोर्ट पूर्ण भरून धावला तर ३ सेकंदांच्या आतच फिरून शून्यावर येतो, मग ५ मिनिटांचा ग्राफ कशाचा? रीडिंग १ मिनिटावर आणा, क्रेडिटचा काउंटर पण ग्राफवर घ्या. स्विचमध्ये मॅप्स (स्वतःवर लक्ष ठेवून इशारे देणारी सोय) असेल तर मॉडरेट पॉलिसी चालू करा, आधी ॲग्रेसिव्ह नको, इतके मेल येतील की कोणी वाचणार नाही. स्विच, स्टोरेज, सर्व्हर तिघांचं घड्याळ एनटीपीने (नेटवर्कवरून वेळ जुळवायची पद्धत) एक करा, नाहीतर दोघे व्हेंडर वेळेवरूनच भांडत बसतील.

बॅकअप सर्व्हरचा एचबीए किती जी चा आहे आणि तो आयएसएलच्या कुठल्या बाजूला आहे तेवढं कळवा.