पर्समधले शटल

टिळकवाडी, बेळगाव येथील एका वाचक भगिनीचे पत्र, थोडे संक्षिप्त करून:

“माझे माहेर निपाणीचे. आई दिवसा तंबाखूच्या वखारीत कामाला जायची आणि रात्री सोप्यात बसून हातमशीनवर खणाच्या चोळ्या, परकर, झबली शिवायची. मशीन सिंगरचे, लांब बॉबिनचे. त्याच्यावरील क्रमांकावरून शोध घेतला, तेव्हा ते 1926 साली स्कॉटलंडमधील क्लाइडबँकच्या कारखान्यात तयार झाल्याचे कळले. आईला जाऊन चौदा महिने झाले; वडील आधीच गेले. मी माझ्या घरातील पूर्वेकडच्या खोलीत खास शिवणघर केले आहे. खिडकीशी रुंद टेबल, रिळांची मांडणी, चांगला दिवा, मोटारीवर चालणारे नवे मशीन, आणि मधोमध आईच्या मशीनसाठी मोकळी ठेवलेली जागा. पण भाऊ म्हणतो, मशीन निपाणीतच राहील. वहिनी हुक्केरीकडची, कानडी घरातली. तिला त्याचे मोल नाही, ती त्याला नुसते ‘होलिगे मशीन’ म्हणते. मला आईने शिवण शिकवले नाही. तू अभ्यास कर म्हणायची. बॉबिन भरून शटल बसवून देणे एवढेच माझे काम. वहिनीला मात्र शेजारी बसवून शिकवले. तेराव्यानंतर निघताना आठवण म्हणून शटल आणि तीन बॉबिनी तेवढ्या पर्समध्ये घालून आणल्या. एका बॉबिनवर आईने भरलेला हिरवा दोरा अजून आहे. वहिनी सध्या शेजारणीचे काम आटोपल्यावर रात्री तिच्या मशीनवर ब्लाऊज शिवते, त्यामुळे तिचे काही अडलेले नाही. खंडेनवमीला तिने आईच्या मशीनची पूजा करून मला फोटो पाठवला. मी उत्तर दिले नाही. भावाला कसे समजवावे? कायद्याने माझा हक्क आहे का?”

ताई,

तुमच्या पत्राचा मोठा भाग मशीनच्या जन्मकथेत आणि तुमच्या शिवणघराच्या वर्णनात गेला आहे, आणि शटलचा उल्लेख मात्र तुम्ही निघण्याच्या घाईत पदराला लागलेल्या काडीसारखा एका वाक्यात झटकून टाकला आहे. माझे उत्तर त्या वाक्याला आहे. बाकीचे पत्र त्याच्यामागे दडलेले आहे, असे मला वाटते.

मी वडगावची, मागवाल्यांच्या गल्लीत वाढलेली. आमच्या आजोबांच्या मागावर जो धोटा होता, त्यालाच इंग्रजीत शटल म्हणतात, हे मला पुष्कळ उशिरा कळले; परंतु धोट्याविना माग म्हणजे काय, हे मला पाच वर्षांची असल्यापासून ठाऊक आहे. दुपारी आजोबा जेवायला उठले की आम्ही मुले मागावर चढून बसत असू, म्हणून ते धोटा काढून वरच्या कोनाड्यात ठेवत. ताणा तसाच ताणलेला, फणी तशीच, पायाखालची पावडीही तशीच. तरी आम्हाला एक धागा पुढे सरकवता येत नसे. मागाला कुलूप लावायची ती पद्धत होती. तुम्ही निपाणीच्या त्या मशीनला नेमके तसलेच कुलूप लावून आला आहात, आणि किल्ली चौदा महिने तुमच्या पर्समध्ये आहे.

हे मी वाढवून सांगत नाही. लांब बॉबिनच्या यंत्रात सुई कापडातून खाली जाऊन किंचित वर उचलली जाते, तेव्हा तिच्या नाकामागे दोऱ्याचा एक इवलासा फास तयार होतो. बंदुकीच्या गोळीसारखे लांबट, टोकदार असे ते शटल पोटात बॉबिन घेऊन कमानीसारखे झुलत येते, त्या फासात आपले टोक घालते आणि सबंध अंगाने त्याच्यातून पार होते, आणि तेव्हा कुठे वरचा दोरा खालच्या दोऱ्यात अडकून टाका बसतो. शटल नसेल, तर चाक फिरते, सुई वरखाली होते, दात कापड पुढे ढकलतात, आणि कापडाला ओळीने भोके पडतात. दोऱ्याचे टोक धरून ओढले की सगळा दोरा हातात येतो. बॉबिनी तुम्ही लहानपणापासून भरल्या आहेत, तेव्हा हे तुम्हाला माझ्याहून जास्त ठाऊक आहे.

म्हणूनच ‘आठवण म्हणून’ हे तुमचे शब्द मला पटले नाहीत. आठवणीसाठी आईची कात्री होती, मोजायचा टेप होता, सुया खोचलेली उशी होती, खणाचे उरलेले तुकडे होते; यांपैकी काहीही उचलले असते, तरी मशीन चालू राहिले असते. शटल आपसूक पर्समध्ये पडत नाही. यंत्राच्या पाटावरची सरकती पट्टी बाजूला करावी लागते, चाक हाताने फिरवून शटल योग्य जागी आणावे लागते, आणि मग ते बोटाने उचलून बाहेर काढावे लागते. घरात माणसे वावरत असताना तुम्ही हे केले, आणि पट्टी पुन्हा सरकवून ठेवली.

वहिनींना हे केव्हा कळले असेल, याचा विचार तुम्ही केला आहे का? पाहुणे पांगल्यावर कुठलीतरी ऑर्डर पुरी करायला त्या सोप्यात बसल्या असतील, पट्टी उघडली असेल, आणि आतली जागा रिकामी दिसली असेल. शटल कोणी नेले असेल, हे ओळखायला त्यांना फार वेळ लागला नसणार, कारण त्या घरात ते काढता येणारी दुसरी व्यक्ती तुम्हीच होता. तरीही तुमच्या पत्रात वहिनींनी ते मागितल्याचा, फोनवर वाद घातल्याचा, भावाकडून निरोप पाठवल्याचा एकही उल्लेख नाही. चौदा महिने त्या गप्प आहेत. आणि खंडेनवमीला, न चालणाऱ्या त्या यंत्राला त्यांनी हळदकुंकू लावले, झेंडूचे फूल वाहिले आणि फोटो तुम्हाला पाठवला. तो फोटो मी पाहिलेला नाही, परंतु तो कशासाठी पाठवला होता, हे मला कळते आणि तुम्हालाही कळले होते. नाहीतर उत्तर न देण्याचे कारण काय होते?

‘तिचे काही अडलेले नाही’ हे वाक्य मला सगळ्यांत जास्त लागले. जी बाई दुसरीचे काम आटोपेपर्यंत थांबते आणि मग रात्री परक्या घरात, परक्या मशीनवर, घरच्या माणसांच्या झोपेचा अंदाज घेत ब्लाऊज शिवते, तिचे अडलेले आहे. रोज रात्री अडते आहे. तुमची आई वखारीतून येऊन रात्री शिवायची, हे तुम्ही अभिमानाने लिहिले. वहिनी रात्री शिवतात, हे लिहिताना मात्र तुमचा सूर तक्रारीचा आहे. एकाच सोप्यातल्या दोन बायकांच्या रात्री तुम्ही दोन वेगवेगळ्या मापांनी मोजल्या आहेत.

तुम्ही राहता त्या टिळकवाडीत 1924 च्या डिसेंबरात काँग्रेसचे अधिवेशन भरले होते, आणि गांधीजी अध्यक्ष असलेले ते एकमेव अधिवेशन, हे बेळगावात कोणाला सांगावे लागत नाही. त्याच वर्षी यंत्रांविषयीच्या एका चर्चेत गांधीजींनी तुमच्या आईच्या या सिंगर मशीनला अपवाद मानले होते, हे मात्र कमी लोकांना माहीत असते. पत्नीला हाताने शिवताना होणारे कष्ट पाहून सिंगर यांनी हे यंत्र केले, असे ते म्हणाले. ती कथा सिंगर यांच्या चरित्राशी जुळत नाही. परंतु गांधीजींनी ज्या कारणाने ते यंत्र वेगळे काढले, ते कारण मला आजही मोठे वाटते. शिवणाऱ्या बाईच्या पाठीवरचा भार त्याने हलका झाला पाहिजे. तुमच्या शिवणघरात मधोमध ठेवून ते कोणाची पाठ हलकी करणार आहे? शिवण तर तुम्ही शिकलेलाच नाहीत, असे तुम्हीच लिहिले आहे.

आता कायद्याचे. हिंदू उत्तराधिकार कायदा 1956 च्या कलम 15 प्रमाणे मृत्युपत्र न करता गेलेल्या स्त्रीची मालमत्ता मुलगे, मुली आणि पती यांच्याकडे सारखी जाते. वडील आधीच गेलेले असल्याने तुमचा आणि भावाचा वाटा सारखा. तेव्हा, हो, अर्धे मशीन तुमचे आहे. फक्त तो अर्धा भाग तुम्ही आधीच, कोणाला न विचारता, घेऊन आला आहात, आणि ज्याच्यावाचून उरलेला अर्धा भाग निरुपयोगी होतो, असाच नेमका निवडून आणला आहे. हक्काचा प्रश्न यापुढे माझ्यापाशी काढू नका.

वहिनींच्या कानडीविषयीही थोडे बोलते, कारण तुम्ही ती गोष्ट पुरावा म्हणून मांडली आहे. शिवणाला कानडीत ‘होलिगे’ म्हणतात. वहिनी त्या वस्तूला तिच्या साध्या, बरोबर नावाने हाक मारतात. सुईला त्या ‘सूजी’ म्हणत असतील आणि दोऱ्याला ‘दारा’, आणि तुमच्या आईला हे शब्द समजायला मुळीच अडचण पडली नसेल. निपाणीत आणि बेळगावात जन्म काढलेल्या माणसाने ही तक्रार करावी, याचे मला वाईट वाटले. तुमच्या आईने जिला शेजारी बसवून शिकवले, तिला त्या मशीनचे मोल कळत नाही, असे म्हणताना तुम्ही आईच्या पारखेवरच बोट ठेवता आहात.

आणि इथे, ताई, मी तुमच्याजवळ येऊन बसते. आईने वहिनीला शिकवले आणि मला शिकवले नाही, हे वाक्य तुम्ही किती वर्षे मनात धरून आहात, हे तुमच्या अक्षरावरून दिसते. त्या ओळीवर पेन दाबून फिरले आहे. वखारीत तंबाखूच्या धुळीत दिवस काढणाऱ्या बाईने मुलीला मशीनपासून दूर ठेवले, कारण मुलीच्या हाती वही हवी होती. ते तिचे प्रेमच होते, आणि तरीही मुलीला ते दार बंद केल्यासारखे वाटू शकते. तुमच्या वाट्याला फक्त बॉबिन आणि शटल आले. संध्याकाळी बॉबिन भरायची, तिचे टोक शटलच्या खाचेतून ओढायचे, शटल जागी बसवायचे, आणि ‘झाले गं’ म्हणून पुस्तकाकडे परतायचे. आई गेल्यावर सबंध घरातून तुम्ही उचलले तेही तेच. जे काम तुमचे होते, त्याच कामाची वस्तू तुम्ही घेऊन आलात. मला ते समजते, आणि म्हणून मी तुम्हाला चोर म्हणत नाही. परंतु चौदा महिने तुम्ही आपले काम केलेले नाही.

ते करा. येत्या रविवारी सकाळची निपाणीची बस धरा आणि शटल स्वतःच्या हाताने घेऊन जा. कुरिअरने नाही, भाच्याच्या हाती नाही, भावाच्या गाडीत ठेवून नाही. सोप्यात मशीनजवळ बसा, पट्टी उघडा, बॉबिन भरा, शटल बसवा आणि वहिनींना म्हणा, “बसा, दोरा लागला आहे.” त्याआधी किंवा त्यानंतर मशीनच्या मालकीबद्दल, शिवणघराबद्दल, कायद्याबद्दल एक शब्दही बोलू नका. त्या दिवशी तुम्ही काहीही मागायला गेलेल्या नसाल. वहिनी रडल्या, तर रडू द्या. रागावल्या, तर ऐकून घ्या, कारण तो राग चौदा महिन्यांचा आहे. त्या काहीच न बोलता चाकाच्या मुठीला हात घालतील, असाही मला संभव वाटतो.

वहिनींनी बाजारातून दुसरे शटल आणावे, असे तुमच्या मनात आले असेल, तर तेही काढून टाका. जुन्या बाजारात शोधले तर मिळतेही. परंतु इतकी वर्षे एकमेकांशी घासून बसलेले शटल आणि त्याची पाळण्यासारखी झुलणारी बैठक यांची जी जुळणी असते, ती अनोळखी शटलला लगेच साधत नाही, आणि टीप कुठे सैल, कुठे ओढलेली अशी पडू लागते.

नेण्यापूर्वी शटल नीट पाहा. पर्समध्ये बेळगावचा एक सबंध पावसाळा काढल्यावर त्याच्या टोकाला गंज धरलेला असू शकतो. मऊ सुती फडक्यावर मशीनचे तेल घेऊन तो हळूहळू पुसा. पॉलिश पेपर लावू नका, कारण टोकाला ओरखडा पडला तर दोरा त्यात अडकून तुटत राहील. खोबरेल तर मुळीच नको, ते दाट होऊन चिकटते. शटलच्या अंगावरची बारीक पट्टी आणि तिचा स्क्रू दोऱ्याचा ताण धरून ठेवतात. त्याला हात लावू नका, तो तुमच्या आईने बसवलेला आहे. वहिनी मशीनचे काळे अंग पुसायला निघाल्या, तर सोनेरी वेलबुट्टीवर स्पिरिट लावू नका, एवढे त्यांना सांगा, कारण जुन्या सिंगरवर लाखेचा थर असतो आणि स्पिरिटने तो विरघळून नक्षी निघून येते.

शिवणघरातली मधली जागा तूर्त रिकामी राहू द्या. नव्या मशीनवर तुम्हाला शिवण शिकायचे असेल, तर शिकवणारी व्यक्ती कोण, हे तुम्हाला आता माहीत आहे. पण ते रविवारी विचारू नका, दिवाळीत भाऊबीजेला जाल तेव्हा विचारा.

राहिल्या तीन बॉबिनी. मशीन दोहोंवर व्यवस्थित चालते. एक भरायची आणि एक वापरायची. त्या दोन वहिनींच्या हातात द्या. हिरव्या दोऱ्याची तिसरी त्यांना दाखवा, ती कोणी भरली होती हे सांगा, आणि त्यांना विचारून आपल्याकडे ठेवा.