‘टर्न’ कशाला? पाळी, बारी आणि शेजपाळी

चाळीसगावचे एक वाचक विचारतात: आम्ही मित्र टेबलाभोवती बसून डंजन्स अँड ड्रॅगन्स हा पात्रं रंगवत गोष्ट पुढे नेण्याचा खेळ खेळतो. दोघेच बोलत राहतात, बाकीचे नुसते फासे हातात घोळवतात. प्रत्येकाला मिळायच्या ‘स्पॉटलाइट’ला मराठीत काय म्हणावं? ‘पाळी’ म्हटलं की पोरं हसतात, मग ‘टर्न’च बरं ना?

मुळीच नाही. एका अर्थाला लाजून सबंध शब्द टाकायची ही खोड रेशनच्या रांगेपर्यंत पोचली आहे. आणि ‘नियम पाळतात म्हणून पाळी’ असं ठोकून सांगणाऱ्यांनीही आता आवरावं; ध्वनी जुळला म्हणून व्युत्पत्ती जुळत नाही. संस्कृत ‘पालि’ म्हणजे कड, ओळ. कानाची पाळी तिथलीच, रांगेतलीही तिथलीच.

खरी बहार ‘वार’मध्ये आहे. संस्कृतात वार म्हणजे पाळीच! सोमवार ही सोमाची पाळी. जुन्या ज्योतिषात दर होऱ्याला, म्हणजे तासाला, एका ग्रहाचा अंमल; दिवसाच्या पहिल्या होऱ्याचा ग्रह तोच त्या दिवसाचा. क्रम शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र. 24 होऱ्यांत सातांच्या तीन फेऱ्या होऊन 3 होरे उरतात, म्हणून दुसरा दिवस चौथ्या ग्रहाचा. रवीपासून मोजा, चौथा चंद्र येतो. रविवारनंतर सोमवार का, ते इथे कळतं. ‘वारंवार’ही याच घरचा. हिंदीच्या वळणाने व चा ब झाला की ‘बारी’. तमाशातली संगीत बारी घ्या: एका थिएटरात अनेक पार्ट्या, प्रत्येकीला आपली बारी. तुमचा स्पॉटलाइट दुसरा काय असतो? ‘प्रकाशझोत’ नाटकाच्या दिव्यांपुरता राहू द्या.

राहिला तुमचा खेळ. लढाईत इनिशिएटिव्हचा फासा क्रम ठरवतो, तिथे ‘पाळी’ चपखल बसते. अडतं ते लढाईबाहेर. राजाशी बोलणी, गावात चौकशी, असल्या वेळी क्रमच नसतो आणि मोठ्या आवाजाचा गडी सगळं नेतो. त्यासाठीचा शब्द तुमच्या गिरणेच्या पाटावरच आहे: शेजपाळी. पाण्याची पाळी लगतच्या शेतामागून लगतच्या शेताला, आणि सुरुवात टेलकडून, म्हणजे पाटाच्या शेवटच्या टोकाकडून, कारण हेडवाल्यांनी, म्हणजे पाटाच्या तोंडाशी असलेल्यांनी, आधी घेतलं की टेलला चारी कोरडी. खेळ चालवणाऱ्याने पाणी वाटणाऱ्या पाटकऱ्याचं हे काम करावं. सगळ्यात गप्प बसलेल्याला आधी विचारावं, “बोल, तू काय करतोस?” मग शेजेशेजेने पुढे यावं. एखाद्याने पाळी सोडली तर सोडू द्या, पुढच्या आवर्तनाला मात्र त्याला पुन्हा विचारा.