साहेबांचे कागद

एका वाचक बाईंचं पत्र आलंय, मोठं आहे, थोडक्यात सांगते. आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये (फौजेला रेशन, इंधन पोचवणारा विभाग) चौदा वर्षं, शॉर्ट सर्व्हिस म्हणजे ठरावीक मुदतीची नोकरी, पर्मनंट कमिशन म्हणजे निवृत्तीपर्यंतची नेमणूक मिळाली नाही, लेफ्टनंट कर्नल म्हणून रिलीज होऊन आठ महिने झाले. नवरा बँकेत, मुलगी तिसरीत. सासूबाई म्हणतात फिरलीस तेवढं पुरे, आता घर बघ. दोन इंटरव्ह्यू झाले, दोन्हीकडे 'सिव्हिलमध्ये जमेल का मॅडम' असं विचारलं. रात्री झोप नाही. शेवटी प्रश्न, ताई, घरच्यांना कसं समजावू?

अहो कर्नल, घरच्यांचं राहू दे जरा. दुसऱ्या पानावर तुम्ही कंसात एक ओळ लिहिलीय, माजी सैनिकाचं कार्ड काढायला गेले होते, तिथे म्हणाले मेमसाब, साहेबांचे कागद आणलेत का, मग उगाच वाद नको म्हणून परत आले. बाकी पत्र एकदा वाचलं, ही ओळ चारदा वाचली. आणि खरं सांगते, मला तुमचाच राग आला.

मेमसाब म्हणजे अधिकाऱ्याची बायको, हे फौजेत पोरासोरांनाही माहीत असतं. तुम्ही तिथे 'साहेब मीच' एवढे दोन शब्द बोलला नाहीत. बर्फाने जोजिला खिंड बंद व्हायच्या आत लेहला सहा महिन्यांचं रेशन आणि केरोसिन पोचवायचं म्हणून ज्या बाईने रात्र रात्र कॉन्व्हॉय हलवले (हे पण तुम्हीच लिहिलंय, तेही अर्ध्या ओळीत!) ती एका टेबलापुढून गप्प घरी आली? मग सासूबाईंना काय समजावणार तुम्ही, आणि त्या इंटरव्ह्यूवाल्यांना तरी काय.

त्या माणसाची बाजू मी घेणार नाही. त्याच्यासमोर रोज नवऱ्याचे कागद घेऊन बायका येतात हे मान्य, पण 1992 पासून बायका अधिकारी होतायत, डॉक्टर आणि नर्सिंगवाल्या तर त्याच्याही कितीतरी आधीपासून, आणि 2020 च्या फेब्रुवारीत सुप्रीम कोर्टाने बायकांच्या पर्मनंट कमिशनचा निकाल दिला तोही सगळ्या पेपरात आला होता. तरी त्याच्या टेबलापर्यंत ते पोचलं नसेल तर ते पोचवणारी बाई दारातून परत फिरली म्हणून पोचलं नाही. तुमच्या मागून अजून एखादी मुलगी येणार आहे, तिलाही हाच प्रश्न ऐकायचाय का?

तर या सोमवारी दहा वाजता जा. रिलीजचे कागद, फोटो, आधार, आणि लग्नानंतर नाव बदललं असेल तर सर्व्हिस रेकॉर्डमधलं नाव आणि आधारवरचं नाव जुळतंय का ते आदल्या दिवशीच बघून ठेवा, नाहीतर तेवढ्यावरून पुन्हा फेरी पडेल. वीस वर्षं भरली नाहीत म्हणून पेन्शन नाही, पण म्हणून तुम्ही माजी सैनिक नाही असं अजिबात नाही, ठरलेली मुदत पूर्ण करून ग्रॅच्युइटी घेऊन बाहेर पडलात ना. शॉर्ट सर्व्हिसवाल्यांना 2019 पासून एकरकमी पैसे भरून ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, मेंबर होता येतं, झोपेचं दुखणं तिथल्या डॉक्टरला दाखवा, अंगावर काढू नका. आणि नोकरीसाठी अधिकाऱ्यांची नावनोंदणी दिल्लीला डीजीआरकडे, म्हणजे माजी सैनिकांच्या पुनर्वसन महासंचालनालयाकडे, होते, तीही त्याच आठवड्यात उरकून टाका.

मिस्टरांना सोबत नेऊ नका हं. चांगले असतील ते, पण ते शेजारी बसले की सगळे प्रश्न त्यांनाच विचारले जातील.

आणि परत कोणी साहेबांचा सर्व्हिस नंबर विचारला तर तुमचा सांगा. डब्ल्यूएसने सुरू होतो ना तो, त्यातला डब्ल्यू बाईचाच आहे. सावकाश, मोठ्याने सांगा, आणि तो लिहून होईपर्यंत खुर्चीवरून उठू नका.