काउंटर-करंट सर्वांत कार्यक्षम, तर मग कारखान्यात बाकीच्या पद्धती कशाला?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घन कणांचा द्रवाशी किंवा वायूशी संपर्क घडवायचा तर को-करंट (दोघे एकाच दिशेने), काउंटर-करंट (दोघे उलट दिशांनी), क्रॉस-फ्लो (एक दुसऱ्याला आडवा) आणि फ्लुइडाइज्ड बेड (खालून हवा सोडून कणांचा थर, म्हणजे बेड, उकळल्यासारखा हलता ठेवणं) यांतून निवड कशी करायची? पुस्तक काउंटर-करंटला पहिला नंबर देतं, मग इंडस्ट्रियल व्हिजिटला बाकीचे प्रकार का दिसले? मी भोसरीत ड्रायर बनवणाऱ्या वर्कशॉपमध्ये डिझाइन बघतो, त्यामुळे हा प्रश्न माझ्या रोजच्या कामाचा आहे.

पुस्तक बरोबर आहे, ते आधी हिशेबाने पटवून घ्या. साबणाचे कपडे पिळले तरी त्यांत १ लिटर पाणी राहतं असं धरा. खळबळायला १० लिटर चांगलं पाणी आहे. सगळं एकदम वापरलं तर साबणाचा १/११ भाग, म्हणजे ९ टक्के, कपड्यांतच राहतो. पाच-पाच लिटरच्या दोन पाण्यांतून काढले तर १/३६, म्हणजे २.८ टक्के. आता तिसरी रीत. दोन बादल्या ठेवायच्या, आणि दुसऱ्या बादलीतलं वापरलेलं पाणी पुढच्या खेपेला पहिल्या बादलीत ओतायचं. कपड्यांना आधी जुनं पाणी, शेवटी कोरं पाणी. चार-सहा खेपांनंतर उरतो १/१११, म्हणजे ०.९ टक्के. खेपेला पाणी तेवढंच, १० लिटर. पाणी दिवसाआड यायचं तेव्हा माझी आई असेच कपडे काढायची. साखर कारखान्यातलं इंबिबिशनही हेच. गरम पाणी शेवटच्या मिलच्या आधी बगॅसवर (उसाच्या चोथ्यावर) टाकतात, तिथला पातळ रस त्याच्या आधीच्या मिलवर, असं करत उलटं पुढे नेतात.

यातून मी एक सवय लावून घेतली आहे. ड्रॉइंग काढण्याआधी विचारायचं की बाहेर पडताना कोण कोणाला शेवटचं भेटणार? दिशेचा सगळा खेळ त्या शेवटच्या भेटीत आहे.

सोसायटीचा सॉफ्टनर, म्हणजे कठीण पाणी मऊ करणारी टाकी, बघा. पाणी वरून खाली जातं, टाकीतले रेझिनचे बारीक मणी त्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम (म्हणजेच कठीणता) धरून सोडियम देतात. रेझिन भरलं की मिठाच्या पाण्याने रिजनरेशन, म्हणजे ते धुऊन पुन्हा ताजं करणं. मिठाचं पाणीही वरूनच सोडलं (को-करंट) तर वरची कठीणता ढकलत तळाशी येते आणि तळाचं रेझिन अर्धवटच साफ होतं. नंतर घरात जाणारं मऊ पाणी शेवटी त्याच तळाला भेटतं आणि थोडी कठीणता उचलून नेतं. मीठ खालून वर सोडलं तर तळ सर्वांत स्वच्छ राहतो, मीठही कमी लागतं. पण मग रेझिनचा थर वर उचलला जाऊ नये म्हणून तो दाबून धरायची सोय करावी लागते. काउंटर-करंटची किंमत बहुतेक वेळा अशीच कुठेतरी मोजावी लागते.

ड्रायरमध्ये ती मालात मोजावी लागते. एका गिऱ्हाइकाला पांढरी पावडर अर्ध्या टक्क्याखाली ओलाव्याची हवी होती. मी रोटरी ड्रायर (फिरता आडवा पिंप) काउंटर-करंट दिला, कारण शेवटी कोरडा माल कोरड्या गरम हवेला भेटला तरच तेवढा ओलावा जातो. ट्रायलला ओलावा अगदी हवा तसा आला. पण ऑपरेटरने चिमूटभर पावडर तळहातावर चोळली, वास घेतला आणि म्हणाला, "साहेब, माल करपलाय." उजेडात धरली तर दुधावरच्या सायीसारखा रंग. हवा आत येताना १८० अंश होती. कण ओला असेपर्यंत बाष्पीभवन त्याला ५० अंशांच्या आसपास राखतं, पाणी संपलं की तो हवेच्या तापमानाकडे चढतो. काउंटर-करंटमध्ये सर्वांत कोरडा कण नेमका सर्वांत तापलेल्या हवेत तोंड घालतो. आम्ही हीटर फीडच्या, म्हणजे ओला माल आत येतो त्या, टोकाला नेला (को-करंट). तीच १८० अंशांची हवा आता ओल्या मालाला भेटायला लागली आणि रंग सुधारला. ओलावा मात्र एक टक्क्याच्या वरच अडकला, म्हणून पुढे ९० अंशांच्या हवेचा छोटा दुसरा टप्पा जोडला. आज तसाच माल आला तर मी पहिल्याच दिवशी असे दोन टप्पे काढेन.

माल पिठासारखा बारीक असेल तर अडचण वेगळी. खाली पडणारं पीठ वर येणाऱ्या वायूत टिकतच नाही, उडून जातं. सिमेंटच्या प्रीहीटरची (भट्टीआधी कच्चा माल तापवणाऱ्या मनोऱ्याची) युक्ती मला म्हणूनच फार आवडते. प्रत्येक सायक्लोनच्या (वायू गरगर फिरवून पीठ वेगळं करणाऱ्या भांड्याच्या) आधी कच्चं पीठ वायूच्या वाटेत सोडतात, ते वायूबरोबरच वर जाताना क्षणार्धात तापतं, सायक्लोनमध्ये वेगळं होतं आणि खालच्या टप्प्यात पडतं. प्रत्येक टप्पा को-करंट, पण चार ते सहा टप्प्यांची अख्खी उतरंड काउंटर-करंट.

फ्लुइडाइज्ड बेडमध्ये उष्णता झटपट पोचते, तापमान सगळीकडे सारखं राहतं. पण कण आत घुसळत राहतात, त्यामुळे कोण आधी आला याचा हिशेब राहत नाही. पूर्ण मिसळलेल्या बेडमध्ये सरासरी ३० मिनिटांचा मुक्काम असेल तरी सुमारे ९.५ टक्के कण ३ मिनिटांच्या आत बाहेर पडतात, आणि १३.५ टक्के तासाहून जास्त अडकतात. एकसारखा माल हवा तर मालाच्या वाटेत उभ्या भिंती घालून बेडचे कप्पे करा.

क्रॉस-फ्लो म्हणजे बहुधा बेल्ट ड्रायर: माल सरकत्या जाळीच्या पट्ट्यावर, हवा त्याच्या थरातून आरपार. हवा खालूनच येत राहिली तर खालचा थर वाळून कडक होतो आणि वरचा ओला राहतो, म्हणून एका झोनमध्ये हवा खालून, पुढच्यात वरून देतात. नाजूक आणि मोठ्या तुकड्यांना ही पद्धत सोसते.

दिशा कुठलीही निवडा, प्रवाह थरभर सारखा पसरला नाही तर काही उपयोग नाही. पाणी आणि हवा दोघेही सोपी वाट शोधतात. बेडचा व्यास कणाच्या निदान दहापट तरी ठेवा, नाहीतर भिंतीलगतच वाट पडते.

घरी सॉफ्टनर असेल तर रिजनरेशन झाल्या झाल्या आणि मग दोन-दोन तासांनी नमुने घेऊन हार्डनेस किटचे थेंब मोजा. सुरुवातीला जास्त थेंब लागून नंतर कमी होत गेले, तर मीठ बहुधा वरूनच सोडलं जातंय.