परदेशात डाइव्हिंग: आधी महिना, मग पाणी, मग देश

तुम्ही प्रश्नातच सगळं सांगितलंय, म्हणून उत्तर देणं सोपं झालं. ओपन वॉटर हा डाइव्हिंगचा पहिला कोर्स झालेला, गाठीला वीसेक डाइव्ह, शेवटचा डाइव्ह होऊन वर्ष उलटलेलं, ऑगस्टमध्ये दहा दिवसांची रजा, आणि वहिनी डाइव्ह करत नाहीत. यादीत मालदीव, इंडोनेशियातलं कोमोडो, तांबडा समुद्र आणि 'जमलंच तर' गॅलापागोस. यातलं सर्वांत भारी कुठलं, असं विचारलंय.

भारी चारही आहेत. पण आपण बहुतेक जण आधी देशाचं नाव पक्कं करतो आणि मग स्वतःला त्यात कसंबसं बसवतो. तुमचा महिना बदलणार नाही आणि ऑगस्टपर्यंत अनुभवही फारसा वाढणार नाही. तेव्हा या दोन गोष्टींनाच यादीला कात्री लावू द्या.

महिन्यापासून सुरुवात करू. ऑगस्ट म्हटलं की काही ठिकाणं आपोआप गळतात. थायलंडची सिमिलन बेटं दरवर्षी मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंद असतात. फिलिपिन्सच्या तुब्बताहाला बोटी जातात त्या साधारण मार्चच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत. इंडोनेशियातल्या राजा अम्पातचा चांगला काळ ऑक्टोबर ते एप्रिल, मधल्या महिन्यांत तिथल्या कित्येक बोटी कोमोडोकडे सरकतात. कॅरिबियनमध्ये 1 जून ते 30 नोव्हेंबर वादळांचा हंगाम. त्यातलं बोनेअर दक्षिणेला असल्यामुळे सहसा वाचतं. एकाच देशातसुद्धा दोन बाजूंना दोन तऱ्हा असतात: सिमिलनला कुलूप असतं तेव्हा थायलंडच्या आखातातल्या को ताओला डाइव्हिंग जोरात चालू असतं. त्यामुळे 'थायलंडचा सीझन कधी?' या प्रश्नाला एक उत्तर नाही.

मालदीवबद्दल 'पावसाळ्यात जाऊ नका' हे पाठ केल्यासारखं सांगितलं जातं. ते अर्धंच खरं आहे. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याच्या दिवसांत आभाळ भरलेलं असतं, बोट हलते, पोटात ढवळतं. पण त्याच दिवसांत प्रवाह पश्चिमेकडून अटॉलमध्ये, म्हणजे प्रवाळाच्या कड्यात, शिरतो आणि पूर्वेकडून बाहेर पडताना प्लवकांनी, म्हणजे तरंगत्या सूक्ष्म जीवांनी, भरलेलं गढूळसर पाणी घेऊन जातो. मांता, म्हणजे पंख पसरल्यासारखे पोहणारे ते मोठे रे मासे, त्या खाण्यामागे पूर्वेला येतात. बा अटॉलमधल्या हनिफारू उपसागरात जून ते नोव्हेंबर त्यांची गर्दी होते, आणि तिथे हवेचा टँक लावून उतरायला बंदी आहे, फक्त स्नॉर्केलिंग, म्हणजे नळीने श्वास घेत वरूनच बघायचं. म्हणजे वहिनींनाही तुमच्याइतकंच दिसेल. एवढं सोडलं तर मालदीवचे नावाजलेले डाइव्ह अटॉलच्या खिंडींमध्ये, म्हणजे तिथल्या भाषेत 'कांडू'मध्ये असतात. प्रवाह आत येत असताना झटकन खाली जायचं, खिंडीच्या कडेला हुक लावून थांबायचं आणि समोरून शार्क जाताना बघायचे. ही कड बऱ्याचदा पंचवीस-तीस मीटरवर असते. देशाच्या नियमाने मर्यादा 30 मीटर, तुमच्या सर्टिफिकेटची 18. एवढा खर्च करून जायचं आणि ग्रुप खाली असताना आपण वरून त्यांचे बुडबुडे मोजायचे, यात मजा नाही. अ‍ॅडव्हान्स्ड हा पुढचा कोर्स करून जा, मग मालदीव पैसे वसूल करून देतं.

आता कोमोडो, कारण तुमचा जीव तिथे अडकलाय हे लिहिण्यावरून कळतं. ऑगस्ट तिथे कोरडा, हवा छान, मांताही दिसतात. अडचण प्रवाहाची आहे. उत्तरेला फ्लोरेस समुद्र, दक्षिणेला हिंदी महासागर आणि मध्ये बेटांच्या अरुंद फटी. दोन्हीकडच्या पाण्याची पातळी भरती-ओहोटीबरोबर वेगवेगळी होते आणि सगळं पाणी त्या फटींतून धावतं. बातू बोलोंग किंवा कॅसल रॉकसारख्या ठिकाणी गाइड आधी स्वतः पाण्यात डोकं घालून प्रवाह पाहतो आणि मगच ग्रुपला उडी मारायला सांगतो. खाली गेल्यावर आधी मासे कुठे तोंड करून आहेत ते बघायचं. नारिंगी अँथियास मासे खडकापासून दूर, सैल पसरलेले असतील तर ठीक. सगळे एकाच दिशेला तोंड करून खडकाला चिकटून शेपट्या मारत असतील, तर पाणी जोरात आहे. आणि आपले बुडबुडे वर जायचे सोडून आपल्या तोंडासमोर घोटाळायला किंवा खाली जायला लागले, तर पाणी खाली ओढतंय. अशा वेळी कानात दाब वाढतो, डाइव्ह कॉम्प्युटरवरचा खोलीचा आकडा वाढत जातो, आणि घाबरून बीसीडीत, म्हणजे तरंगण्यासाठीच्या जाकिटात, भसाभस हवा भरली की त्या ओढीतून सुटल्यावर माणूस बुचासारखा वर उसळतो. वर्षभर रेग्युलेटर, म्हणजे टँकमधली हवा घ्यायचं साधन, तोंडात न धरलेल्या माणसाने हे शिकायला कोमोडोला जाऊ नये. तिथे सोपे स्पॉटही आहेत आणि जबाबदार सेंटर तुम्हाला तिथेच नेईल. पण मग कोमोडोला जाऊन कोमोडो राहूनच जातं.

इथे एक गोष्ट, जी परदेशी गाइडबुकांपेक्षा आपल्याकडच्या कोळ्यांना जास्त चांगली समजते: तारखा घेताना तिथी बघा. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास, आणि त्यानंतर एक-दोन दिवस, उधाण असतं आणि प्रवाह सर्वांत जोरात. अष्टमीच्या सुमारास भांग, पाणी त्या मानाने सुस्त. हॉटेलचे दर बघायला लोक तासन्तास घालवतात, हे बघायला दोन मिनिटं लागत नाहीत.

गॅलापागोसवर फार लिहीत नाही. डार्विन आणि वुल्फ या दोन बेटांसाठी बोटीवरच राहावं लागतं, पाणी थंड, ओढ दांडगी, आणि जाड सूट, जाड हातमोजे घालून खडकाला धरून बसायचं असतं. ऑगस्ट हा तिथे व्हेल शार्कचा हंगाम आहे, म्हणून मोह होतो हे मान्य. डार्विन बेटाजवळची ती प्रसिद्ध कमान मे 2021 मध्ये कोसळली, पण खालचे हॅमरहेड शार्क काही त्या कमानीसाठी येत नव्हते. ते आणखी काही वर्षं थांबतील. तुम्हीही थांबा.

जाता जाता: यादीत नसलं तरी बेलीजच्या ग्रेट ब्लू होलचं कुणीतरी सुचवेलच. विमानातून काढलेला तो निळ्या वर्तुळाचा फोटो सगळ्यांनी पाहिलेला असतो. भोक सुमारे 300 मीटर रुंद आणि 124 मीटर खोल आहे. डाइव्हर मात्र जातात चाळीसेक मीटरवर, अंधाऱ्या भिंतीतून लोंबणारे दगडी झुंबर काही मिनिटं बघतात आणि परत येतात. प्रवाळ-मासे जवळजवळ नाहीत. ठिकाण वरून सुंदर दिसतं म्हणून खालूनही सुंदर असेल, असं नसतं. फोटो बघून जागा निवडणाऱ्यांनी फोटो पाण्याच्या कोणत्या बाजूने काढलाय ते आधी बघावं.

तांबडा समुद्र तुमच्यासाठी खरंच चांगला आहे. ऑगस्टमध्ये पाणी 28-29 अंश, दृश्यता उत्तम. इजिप्तमधल्या मार्सा आलमला हॉटेलसमोरच प्रवाळ असतं, दाहाबला किनाऱ्यावरून चालत पाण्यात शिरता येतं. फक्त दोन नावांपासून तूर्त लांब राहा. एक म्हणजे ब्रदर्स, डेडलससारखी भर समुद्रातली ठिकाणं: तिथे किमान 50 नोंदवलेले डाइव्ह मागतात, आणि ते योग्यच आहे. दुसरं थिसलगॉर्म. 6 ऑक्टोबर 1941 ला जर्मन विमानांनी बुडवलेलं हे ब्रिटिश मालवाहू जहाज, पोटात अजून मोटरसायकली आणि ट्रक घेऊन, तीसेक मीटरवर बसलंय. पाहावं असंच आहे, पण तुमच्या 18 मीटरमध्ये त्याचा जेमतेम वरचा भाग येतो आणि प्रवाहही असतो. शिवाय किनाऱ्यावर हवा चाळिशीच्या आसपास, आणि तुम्ही पाण्याखाली असताना वहिनी छत्रीखाली. हे त्यांना विचारून ठरवा, गृहीत धरू नका.

माझं मत विचाराल तर यादीत नसलेलं ठिकाण सांगतो: बालीचा ईशान्य किनारा, तुलाम्बेन आणि आमेद. ऑगस्ट कोरडा, पाणी बहुतेक शांत, आणि डाइव्ह न करणाऱ्या माणसाला दहा दिवस पुरून उरेल इतकं बेटावर आहे. तुलाम्बेनला 'लिबर्टी' हे अमेरिकी मालवाहू जहाज आहे. जानेवारी 1942 मध्ये जपानी पाणबुडीने त्यावर टॉर्पेडो मारला, ते ओढून किनाऱ्यावर आणलं गेलं आणि तिथेच पडून राहिलं. 1963 साली आगुंग ज्वालामुखीच्या उद्रेकाने त्याला ढकलून पाण्यात नेलं. म्हणून ते किनाऱ्याच्या इतकं जवळ आहे. वरचा भाग पाचेक मीटरवर सुरू होतो, खालचा तिसाच्या आसपास संपतो, त्यामुळे 18 मीटरवाल्यालाही पोटभर बघायला मिळतं. गावातल्या बायका टँक डोक्यावर घेऊन सराईतपणे किनाऱ्यावर आणून ठेवतात. आपली खरी परीक्षा तिथून पुढे: किनाऱ्यावर वाळू नाही, ज्वालामुखीचे काळे गोल गोटे आहेत, आणि लाट मागे जाताना ते पायाखालून गडगडतात. फिन्स हातात ठेवून कमरेइतक्या पाण्यापर्यंत जायचं, गाइडच्या खांद्याला धरायचं आणि तिथे फिन्स चढवायचे. जाड तळव्याचे बूट लागतात. पहाटे उतरा. टेकाडासारखं कपाळ असलेल्या पोपट माशांचा कळप त्या वेळी जहाजापाशी असतो, आणि दक्षिणेतून दिवसभराच्या सहलीला येणाऱ्या गाड्या अजून पोचलेल्या नसतात.

पहिला दिवस रिफ्रेशरला, म्हणजे उजळणीला, द्या. एक सकाळ मास्क काढणं-घालणं, तरंगण्याचा तोल, रेग्युलेटर शोधणं यात घालवली की पुढचे सगळे दिवस हवा कमी संपते. वेळ असेल तर तिथेच अ‍ॅडव्हान्स्ड करा, खोल डाइव्ह लिबर्टीवरच होतो. त्यानंतर गाइडला पटलं तर शेवटी एखादा दिवस बालीजवळच्या नुसा पेनिडा बेटाला. जुलै ते ऑक्टोबर तिथे मोला मोला, तो चाकासारखा अवाढव्य सूर्यमासा, खोलातून वर येतो, कारण तेव्हा खालचं थंड पाणी वर येतं. वीस अंशांखालीसुद्धा जातं, 5 मिलिमीटरचा सूट लागतो. तिथल्या क्रिस्टल बेचं नाव गोड असलं तरी खाली ओढणाऱ्या प्रवाहासाठी ती जागा कुप्रसिद्ध आहे. गाइड 'आज नको' म्हणाला तर हुज्जत घालू नका.

बाली आणि कोमोडो दोन्ही एकाच सहलीत कोंबायचा मोह होईल. मध्ये विमान आहे, आणि इथेच बरेच बेत फसतात. डाइव्हमध्ये अंगात मुरलेल्या नायट्रोजनचे उंचीवर बुडबुडे होऊ शकतात. एकच डाइव्ह केला असेल तर उड्डाणाआधी किमान 12 तास, सलग दिवस डाइव्ह केले असतील तर किमान 18 तास थांबायचं. मी सरळ पूर्ण दिवस धरतो. हा नियम विमानापुरताच नाही. तुलाम्बेनहून परतताना ड्रायव्हर हौसेने किन्तामानीच्या घाटातून नेतो, ते सुमारे 1500 मीटर उंचीवर आहे. डाइव्ह केलेल्या दिवशी किनाऱ्याच्या रस्त्यानेच जा. दाहाबला गेलात तर सिनाई पर्वताच्या रात्रीच्या चढाईलाही हेच लागू, शिखर 2285 मीटरवर आहे.

पुढेमागे लिव्हअबोर्ड, म्हणजे बोटीवरच मुक्कामाची सहल, घ्याल तेव्हा बोटीच्या गादी-जेवणाच्या फोटोंपेक्षा दोन प्रश्न महत्त्वाचे: रात्री जागा कोण असतो, आणि खालच्या केबिनमधून बाहेर पडायचा दुसरा रस्ता कुठे उघडतो. 2 सप्टेंबर 2019 च्या पहाटे कॅलिफोर्नियाजवळ 'कन्सेप्शन' बोटीला आग लागली, खाली झोपलेले 34 जण गेले. पहाऱ्यावर कुणीच नव्हतं. कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या रात्रभर चार्जिंगला लावून झोपायची सवयही सोडा.

विम्याचं थोडक्यात: साध्या प्रवास विम्यात डाइव्हिंग वगळलेलं असतं किंवा खोलीची अट असते, ते कलम वाचा. डाइव्हर्स अलर्ट नेटवर्कसारखा डाइव्ह अपघाताचा वेगळा विमा घ्या. रीकॉम्प्रेशन चेंबर, म्हणजे डाइव्हच्या आजारावर दाबाखाली उपचार करायची खोली, आणि तिथपर्यंत नेण्याचा खर्च हाच मोठा असतो. आरोग्याचा फॉर्म आत्ताच मागवा. दमा, फिट्स, हृदयविकार अशा एखाद्या रकान्यात 'हो' आलं तर डॉक्टरची सही लागते, आणि ती बालीत पोचल्यावर शोधत बसू नका.

सामानात मास्क आणि कॉम्प्युटर स्वतःचा न्या, बाकी तिथे भाड्याने मिळतं. सेंटरला या आठवड्यातच लिहा: एका गाइडमागे किती जण, बोटीवर ऑक्सिजन आहे का, रिफ्रेशर कोण घेतं. शेवटच्या डाइव्हची तारीख खरी सांगा. 'वर्ष झालं' हे वाचून जे सेंटर काहीच विचारत नाही ते यादीतून काढा. तारखा ठरल्या की इथे टाका, पेनिडाला कोणत्या तिथीला जायचं ते बघून सांगतो.